चावडी सर्वांची, सातबारा कोणाच्या नावावर?

पावसाळ्यातला शनिवार. कोथरूडमधले एखादे कुटुंब सकाळी लवकर आवरून लवासाला निघते. पिरंगुट मागे टाकायचे, मुठा खोऱ्यातून टेमघर धरणापर्यंत जायचे आणि घाट चढून पलीकडे उतरायचे, एवढा रस्ता घरातल्या थोरांना ठाऊक असतो. बाकीची माहिती धाकटी मंडळी मोबाइलवर शोधतात. रस्ता नकाशावर सापडतो आणि 'लवासा म्हणजे नेमके काय?' या प्रश्नाचे उत्तर विकिपीडियावर मिळते. ही माहिती कोणी लिहिली, नकाशावरची रेघ कोणी ओढली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. नळाला पाणी येते तशी महाजालावर माहिती येते, असे आपण गृहीत धरून चालतो.

या माहितीचा मोठा भाग बिनपगारी माणसांनी लिहिलेला असतो. कोणी बँकेत नोकरी करतो, कोणी महाविद्यालयात शिकवते, कोणी निवृत्त अभियंता असतो. रात्री जेवणे आटोपल्यावर ही मंडळी संगणकासमोर बसतात, एखादे वाक्य सुधारतात, चुकीचे साल दुरुस्त करतात, कोणी घातलेली जाहिरात पुसून टाकतात. अशा हजारो लोकांचा मिळून एक समुदाय तयार होतो. तो एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेला नसतो, तरीही त्याचे नियम असतात, पदाधिकारी असतात, भांडणे आणि तडजोडीही असतात. हा समुदाय चालतो कसा, त्याचा खर्च कोण करतो आणि त्याच्या घराची मालकी कोणाकडे असते, हे समजून घेण्यासाठी लवासाचेच उदाहरण उपयोगी पडेल.

एका नोंदीमागची कसरत

मुळशी तालुक्यातील मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या उपकंपनीने हे गिरिशहर उभारायला घेतले. दासवे, मुगाव, धामणओहोळ अशा गावांच्या परिसरात इटलीतील पोर्तोफिनोची आठवण करून देणाऱ्या रंगीत इमारती उभ्या राहिल्या. २००८ मध्ये राज्य सरकारने या कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबवले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी दिली. जमिनींच्या हक्कांवरून आदिवासी व शेतकऱ्यांच्या बाजूने जनआंदोलने उभी राहिली, कंपनीने आरोप फेटाळले. २०१७ मध्ये नियोजन प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. जुलै २०२३ मध्ये मंजूर झालेली पुनरुज्जीवन योजना ठरलेले पैसे न भरले गेल्याने २०२४ मध्ये बारगळली.

हा सगळा इतिहास एका नोंदीत लिहायचा म्हणजे तारेवरची कसरत आहे. कंपनीच्या पत्रकातला मजकूर उचलला तर ती जाहिरात होते, आंदोलनाचे पत्रक उतरवले तर आरोपपत्र होते. शिवाय नोंद एकदा लिहून भागत नाही. न्यायाधिकरणाचा आदेश आला की शेवटचा परिच्छेद शिळा होतो. जुन्या माहितीपुस्तिकेतले स्वप्न पुसून त्या जागी प्रत्यक्ष घडलेले लिहावे लागते. 'कोण काय म्हणाले, कोणत्या दिवशी कोणता आदेश निघाला आणि त्याचा आधार कोणता' या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की नोंद उभी राहते. विकिपीडियाच्या भाषेत याला निष्पक्ष दृष्टिकोन आणि पडताळणीयोग्यता म्हणतात. हे दोन नियम मोडू पाहणारे रोज येतात. त्यांना अडवणारे पहारेकरीही स्वयंसेवकच असतात.

लवासाच्या कहाणीतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नियोजित शहराची निवडून आलेली नगरपालिका तेथे नव्हती. नियोजन, बांधकाम आणि विक्री या तिन्हींची सूत्रे एकाच कंपनीभोवती गुंफलेली होती. कंपनी अडचणीत आली तेव्हा घर घेणाऱ्यांना दिवाळखोरी कायद्यातील 'वित्तीय धनको' या नात्याने रांगेत उभे राहावे लागले. हा दर्जाही त्यांना २०१८ च्या दुरुस्तीनेच मिळाला. जेथे माणसे राहतात, त्या जागेचा कारभार त्यांच्या हाती नसेल, तर मालकाचे दिवस फिरताच रहिवाशांचेही फिरतात. महाजालावरील वस्त्यांनाही हाच नियम लागू आहे. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, गुगलचे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी गुंडाळले गेले. लाखो लोकांनी तेथे मांडलेले संसार मालक कंपनीच्या एका निर्णयाने उठले.

चावडी, प्रचालक आणि सांगकाम्या

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाली. आज तेथील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. त्यांच्या तुलनेत सातत्याने लिहिणारे संपादक फारच थोडे आणि प्रचालकांची संख्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रचालक म्हणजे लेख काढून टाकण्याचे, पान सुरक्षित करण्याचे आणि उपद्रवी सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेला स्वयंसेवक. हे अधिकार समुदायाच्या कौलाने मिळतात आणि त्यासाठी मानधन नसते.

येथील शब्दांकडे पाहिले तरी या मंडळींनी समुदायाची कल्पना कोठून घेतली हे कळते. सर्वांनी मिळून बोलायच्या पानाला त्यांनी 'चावडी' हे नाव दिले. कंटाळवाणी, एकसुरी कामे आपोआप उरकणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला 'सांगकाम्या' म्हटले. मुद्दाम केलेल्या नासधुशीला 'उत्पात' हा शब्द रुळला. इंग्रजीतील यंत्रणा मराठीत आणताना तिला गावगाड्याचा पोशाख चढवला गेला.

चावडीवर होणारी भांडणेही गावासारखीच असतात. एखाद्या संताचे जन्मगाव कोणते, एखाद्या राजाच्या नावामागे कोणती बिरुदे लावावीत, शब्द प्रमाणलेखनाने लिहावा की बोलीप्रमाणे, यावर आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. कोणी वर्तमानपत्रातला लेख जसाच्या तसा चिकटवतो. तेव्हा १९५७ च्या प्रताधिकार कायद्याची आठवण करून द्यावी लागते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यावर हक्क असतो, हे नवख्या सदस्याला न दुखावता सांगायचे म्हणजे शिक्षकाचा संयम लागतो. कोणी स्वतःचेच चरित्र लिहितो आणि ते काढल्यावर रुसतो. हे सारे निस्तरणाऱ्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा कुरकूरच अधिक येते. स्वयंसेवक थकतात ते लेखनाने नव्हे, या कुरकुरीने. म्हणून टिकाऊ समुदायात अधिकार वाटलेले असतात आणि एकाने रजा घेतली तरी काम अडत नाही.

केतकरांचे भागभांडवल ते वाचकांची वर्गणी

ज्ञानाचे मोठे काम उभारायचे तर पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न मराठीला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प सोडला तेव्हा त्यांनी चक्क मर्यादित कंपनीचा मार्ग धरला. नागपूर येथे 'ज्ञानकोश मंडळ लिमिटेड' स्थापन झाले, भाग विकले गेले, वर्गणीदार जमवले गेले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंडांचा कोश मराठी वाचकांच्या हाती पडला. या खटाटोपाची हकिगत केतकरांनी स्वतः 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. पुढे मराठी विश्वकोशाच्या वेळी शासन पुढे आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे ते काम उभे राहिले. तेथे संपादक, अभ्यागत लेखक आणि शासकीय अनुदान अशी रचना होती.

विकिपीडियाने तिसरी वाट शोधली, पण तीही पहिल्या दिवशी सापडली नाही. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी हा प्रकल्प सुरू केला तेव्हा त्याचा खर्च बोमिस नावाची नफ्यासाठी चालणारी कंपनी उचलत होती. २००२ च्या सुरुवातीला पुढेमागे जाहिराती घ्याव्या लागतील अशी चर्चा निघाली. स्पॅनिश भाषेतील स्वयंसेवक यावर बिथरले. आम्ही फुकट लिहायचे आणि त्यावर कोणीतरी कमवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांनी आपले लेख उचलले आणि 'एन्सिक्लोपेदिया लिब्रे' या नावाने सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने वेगळी चूल मांडली.

हे त्यांना करता आले याचे कारण परवान्यात होते. विकिपीडियावरील मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. श्रेय देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून कोणीही तो इतरत्र नेऊ शकतो. भाडेकरूला घर सोडताना भिंतीही सोबत नेता याव्यात, असा हा प्रकार आहे. साहजिकच चालकांवर आपोआप वचक बसतो. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता व्यावसायिक संस्थांच्या 'डॉट कॉम'वरून 'डॉट ऑर्ग'वर गेला. २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात स्थापन झाली आणि नाव, यंत्रे व पत्ता तिच्या मालकीचे झाले. तेव्हापासून विकिपीडियावर व्यापारी जाहिरात नाही. खर्च प्रामुख्याने वाचकांच्या छोट्या देणग्यांतून भागतो.

२०२२-२३ मध्ये त्या संस्थेचे वार्षिक उत्पन्न १८ कोटी डॉलरच्या आसपास पोहोचले होते आणि तिच्याकडे शेकडो पगारी कर्मचारी आहेत. लेख मात्र अजूनही स्वयंसेवकच लिहितात. साहजिकच, एवढा पैसा कोठे जातो, असा प्रश्न तेच सर्वांत मोठ्याने विचारतात. संस्थेच्या विश्वस्त मंडळावरील काही जागा समुदायाच्या मतांनी भरल्या जातात, त्या याच कारणासाठी.

लहान संस्थेचा संसार

लहान संस्थेवर मोठा समुदाय कसा तोलता येतो, हे पाहायचे तर ओपनस्ट्रीटमॅपकडे वळावे लागेल. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा मुक्त नकाशा जगभरातील स्वयंसेवक काढतात. कोणी आपल्या गल्लीचे नाव भरतो, कोणी उपग्रहचित्रावरून पाणंद रस्ता आखतो. विकिपीडियावरील अनेक नकाशे यातूनच येतात. घाटातला वळणरस्ता असो की जलाशयाची बदलती काठरेषा, दुरुस्ती करायला कोणाची परवानगी लागत नाही.

या नकाशामागे २००६ मध्ये स्थापन झालेली ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन ही संस्था आहे. तिचे संचालक मंडळ सदस्यांनी निवडलेले असते आणि संचालकांना मानधन नसते. अनेक वर्षे यंत्रसामग्रीची देखभालही स्वयंसेवकांनीच केली. संस्थेचे कार्यक्षेत्र मुद्दाम मर्यादित ठेवलेले आहे. सर्व्हर चालू ठेवायचे, परवान्याचे रक्षण करायचे, नाव व बोधचिन्ह जपायचे, वर्षाची परिषद भरवायची. नकाशात काय असावे हे संस्था ठरवत नाही, ते समुदाय ठरवतो. आपल्याकडील अनेक संस्थांना हा विवेक शिकण्यासारखा आहे.

सदस्यत्वाची वार्षिक वर्गणी १५ पौंड. मात्र, ज्याने वर्षातून किमान ४२ दिवस नकाशावर काम केले आहे, त्याला वर्गणी माफ होऊ शकते. म्हणजे पैशाऐवजी श्रमदान चालते. गरीब देशांतील स्वयंसेवकाला मताचा अधिकार मिळावा, यासाठीची ही सोय आहे. या नकाशाचा वापर करणाऱ्या मोठ्या कंपन्याही देणगीदार सदस्य होतात आणि येथेच तारतम्याची कसोटी लागते. २०१८ च्या संचालक निवडणुकीच्या तोंडावर एकाच कंपनीच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांनी जवळजवळ एकाच वेळी सदस्यत्व घेतल्याचे उघड झाले आणि समुदायात खळबळ माजली. निवडणुकीआधी घाऊक सभासद नोंदवण्याचा प्रकार आपल्या गृहनिर्माण संस्थांना, बँकांना आणि साहित्यसंस्थांना अपरिचित नाही. घटनेत पळवाट असेल तर ती कोणी ना कोणी शोधतोच, मग संस्था पुण्यातली असो वा लंडनमधली. सदस्यत्वाची मुदत, मतदानाचा हक्क आणि हितसंबंधांची घोषणा यांविषयीची कलमे म्हणूनच आधीच नीट लिहावी लागतात.

आपल्याकडे नोंदणी करायची तर

महाराष्ट्रात स्वयंसेवकांच्या अशा एखाद्या गटाने संस्था स्थापायचे ठरवले तर त्याच्यापुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात. पहिला, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी एकत्र येऊन संस्था नोंदवणे. आपल्या राज्यात अशा संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही यावे लागते. दुसरा, सरळ सार्वजनिक न्यास स्थापणे. तिसरा, २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढणे. या कंपनीला शिल्लक राहिलेला पैसा लाभांश म्हणून वाटता येत नाही.

नोंदणी हा केवळ प्रारंभ असतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, सर्वसाधारण सभा घ्यायची, इतिवृत्त लिहायचे, पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज सादर करायचा. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करून ती मुदतीत नूतनीकृत करायची. हे काम लेख लिहिण्याइतके आनंदाचे नाही. रात्री दोन वाजेपर्यंत शिवकालीन किल्ल्यांची सूची बनवणारा कार्यकर्ता इतिवृत्त लिहायला बसवला की जांभया देऊ लागतो. पण संस्थेचा प्राण याच जांभईच्या कामात असतो.

परदेशातून पैसा घ्यायचा तर अडचण आणखी वाढते. २०१० च्या विदेशी योगदान विनियमन कायद्याखाली नोंदणी मिळवण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि त्या काळात तिने मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घेता येतो, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. ज्या गटाचा वर्षाचा सगळा खर्च काही हजारांत भागतो, त्याला पंधरा लाखांची अट ओलांडणे अवघडच. येथे एक बारकावा परदेशस्थ मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. परंतु ज्याने अमेरिकेचे वा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी तशी ठरते. मावशीची देणगी चालते आणि तिच्या तिकडेच जन्मलेल्या मुलाची चालत नाही, असा प्रसंग येऊ शकतो.

या कागदोपत्री बाजूचे महत्त्व किती, हे भारतातील विकिपीडियाप्रेमींनी अनुभवले आहे. जानेवारी २०११ मध्ये बंगळुरू येथे 'विकिमीडिया इंडिया' ही संस्था नोंदवली गेली. उत्साह दांडगा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई विद्यापीठात देशातील पहिली विकी परिषद भरली. तीन दिवस निरनिराळ्या भाषांतील स्वयंसेवक एकमेकांना प्रथमच डोळ्यांनी पाहत होते. मात्र, सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील मूळ संस्थेने या शाखेची मान्यता काढून घेतली. करारानुसार द्यायचे अहवाल आणि भारतात धर्मादाय संस्था म्हणून काम करण्यासाठी लागणारी कायदेशीर नोंदणी या बाबतींत शाखा अडखळली, असे त्या वेळी सांगण्यात आले. लेखनाची हौस आटली म्हणून हे घडले नाही. मराठीसह भारतीय भाषांतील विकिपीडिया त्यानंतरही वाढतच राहिले. कमतरता होती ती कारकुनी कामाची जबाबदारी वर्षानुवर्षे वाहणाऱ्या माणसांची आणि त्यांना मिळायला हव्या असलेल्या सल्ल्याची.

कोर्टाची पायरी चढायची कोणी?

संस्था कशाला हवी, चार मित्र मिळून चालवतील की, असे अनेकांना वाटते. पहिली कायदेशीर नोटीस येईपर्यंत ते ठीक असते. लवासासारख्या विषयावर, ज्यात मोठे भांडवल, राजकीय नेते, पर्यावरण आणि जमिनीचे हक्क एकत्र आले आहेत, लिहिणारा हौशी संपादक आपल्या घरी नोटीस येण्याच्या कल्पनेनेच हात आखडता घेईल.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या यंत्रणेला, काही अटींवर संरक्षण दिले आहे. न्यायालयाचा वा शासनाचा आदेश आल्यावर मजकूर काढला पाहिजे, ही त्यांतली एक अट. पण संरक्षण कागदावर असले तरी ते न्यायालयात मांडण्यासाठी वकील लागतो. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्याविषयीच्या नोंदीतील मजकूर बदनामीकारक असल्याचे सांगून विकिमीडिया फाउंडेशनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा लावला. नोंद संपादित करणाऱ्या सदस्यांची ओळख उघड करण्याचा प्रश्नही त्यात आला. खुद्द या खटल्याविषयीचे पान ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने हटवावे लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पान हटवण्याचा आदेश रद्द केला. खटल्याच्या गुणदोषांत न शिरताही एक गोष्ट उघड आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढण्याची ताकद संस्थेकडे होती. ती नसती तर टोपणनावाने लिहिणाऱ्या काही स्वयंसेवकांनी हे ओझे कसे पेलले असते?

सर्व लहान संस्थांना एवढी ताकद जमवता येणार नाही हे खरेच. पण संस्था नोंदलेली असली की निदान नोटीस कोणाच्या नावाने यावी, उत्तर कोणी द्यावे आणि वकिलाचे शुल्क कोणत्या खात्यातून जावे, याची उत्तरे तयार असतात. संस्था नसेल तर ज्याच्या नावावर संकेतस्थळाचा पत्ता घेतलेला आहे, तो एकटाच आरोपी ठरतो. तोच उद्या आजारी पडला, वा त्याचे निधन झाले, तर परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो आणि हजारोंचे श्रम कुलूपबंद होतात.

पाच साधे प्रश्न

आपण एखाद्या अशा समुदायात लिहीत असाल, फोटो देत असाल, नकाशा भरत असाल, तर पाच प्रश्न विचारून पाहावेत. संकेतस्थळाचा पत्ता, नाव आणि यंत्रे कोणाच्या मालकीची आहेत? वर्षाचा जमाखर्च सर्वांना पाहायला मिळतो का? निर्णय घेणारे निवडले जातात का आणि त्यांना बदलता येते का? किल्ल्या किमान तीन जणांकडे आहेत का? आणि उद्या पटले नाही तर आपण लिहिलेले घेऊन आपल्याला जाता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर आधीच्या चारांची उत्तरेही हळूहळू सुधारतात, हे स्पॅनिश स्वयंसेवकांनी दाखवून दिले आहे.

हे प्रश्न विचारणाऱ्यांनी मग एक पाऊल पुढेही टाकायला हवे. महाराष्ट्राला सार्वजनिक कामाची मोठी परंपरा आहे. गावोगावची वाचनालये, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था, व्याख्यानमाला या वर्गणी, सभा आणि हिशेबवही यांच्या बळावर शंभर-शंभर वर्षे टिकल्या. त्यांचे संस्थापक थोर होते, पण त्या टिकल्या त्या रोजकीर्द लिहिणाऱ्या, पावत्या फाडणाऱ्या, नाव न झालेल्या कार्यवाहांमुळे. महाजालावरील मराठीला लेखक मिळू लागले आहेत. आता तिला कार्यवाह हवे आहेत. एखाद्या निवृत्त हिशेबनीसाने महिन्यातून चार तास दिले, एखाद्या तरुण वकिलाने वर्षातून दोन नोटिसांना उत्तरे लिहून दिली, तरी ते योगदान शंभर लेखांच्या तोडीचे ठरेल.

लवासाच्या जलाशयाकाठी उभ्या राहिलेल्या त्या रंगीत इमारतींचे पुढे काय होईल, हे धनको, न्यायाधिकरण आणि नवे गुंतवणूकदार ठरवतील. तेथे घर घेतलेल्यांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फार थोडे आहे. त्यांची कहाणी मात्र कोणालाही लिहिता येते, सुधारता येते आणि पुढच्या पिढीसाठी जपता येते. ती ज्या चावडीवर लिहिली जाते, त्या चावडीचा सातबारा तरी आपल्या सर्वांच्या नावावर राहावा. त्यासाठी थोडी वर्गणी आणि बरीच कारकुनी करायची तयारी मात्र हवी.